शेंदराखालचा राजा

या, जवळ सरका. असं दारात उभं राहून ऐकलं की अर्धं वाऱ्यावर जातं, आणि मग तुम्ही चार घरी भलतंच सांगत सुटता. तो मोबाईल आधी पालथा ठेवा. मी कुठं पळून चालले नाही, पण मध्ये घंटी वाजली की माझं बोलणं पळतं.

रागावू नका, पण बोलणार आहेच. तुम्ही मंडळी युरोप करून येता. आठवडाभरात ढीगभर देश. परत आलात की चॉकलेटचा तुकडा हातावर ठेवता, तोही प्रसादासारखा मोडून, आणि वर विचारता, "काकू, यंदा तुम्ही कुठं गेलात की नाही?" तर गेले होते. फ्रान्स, बेल्जियम आणि स्वित्झर्लंड पाहून आले. जुन्नरहून शिनोली, शिनोलीहून अवसरी बुद्रुक, आणि फिरून शिनोली. व्हिसा लागला नाही. रस्ता मात्र तुमच्या युरोपाइतका गुळगुळीत नव्हता.

हसून झालं? मग ऐका.

आम्ही तिघी बहिणी. आक्का थोरली, शिनोलीला दिलेली. मधलीला सगळे मधलीच म्हणतात, ती अवसरीला. आणि मी धाकली, जुन्नरला. वडील मुंबईला गोदीत होते. घरात मुलगी झाली की भाऊबंद तोंड पाडून भेटायला यायचे, आणि वडील मुंबईत सराफाकडे जाऊन एक सोन्याचं नाणं विकत घ्यायचे. दागिना का नाही? तर म्हणायचे, दागिन्यात सोनार खातो, नाण्यात त्याला दात लावता येत नाही. त्या काळी सराफांकडे देशोदेशीची नाणी यायची. वडिलांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी नाणं हातावर झेललं, खणखण ऐकली, घेऊन आले. असं तिघींचं मिळून तीन.

आईनं तिन्हींना कड्या डागून घेतल्या आणि काळ्या दोऱ्यात ओवून स्वतःच्या गळ्यात घातली. एकेकीचं लग्न झालं की जिचं तिचं नाणं तिला. आक्काच्या वाट्याला आली डोंगरापुढे उभी असलेली, वेणी घातलेली पोर. मधलीला दाढीवाला म्हातारा. माझ्यावर एका बाजूला बाईचा मुखडा, दुसऱ्या बाजूला ऐटीत उभा कोंबडा. माझ्या सासूबाई माळकरी. सुनेच्या गळ्यात कोंबडा म्हटल्यावर त्यांना घास जाईना. तेव्हापासून बाई बाहेर आणि कोंबडा आत, असा संसार केला.

मधलीच्या लग्नात आई अंथरुणाला खिळलेली होती. म्हणून दोरा आक्कानं सोडला आणि नाणं आक्कानं मधलीच्या हातावर ठेवलं. झालं. पुढे कधीतरी मधलीच्या डोक्यात शिरलं, की थोरलीनं दोरा सोडताना नाणी बदलली, स्वतःला जड ठेवलं आणि मला हलका म्हातारा दिला. आधी टोमणे, मग अबोला. मधल्या काळात घरांत लग्नं झाली, बारशी झाली, माणसं गेली. दोघी एकमेकींच्या दारी आल्या नाहीत. दोन गावांत अंतर किती, तर सकाळी निघालं तर न्याहारी तिकडं. पण अबोल्याला गाडी कुठं मिळते.

मग यंदा आक्काच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला, तोही पार शेवटाला गेलेला; समोरची नजर गेली, कडेची तेवढी उरली. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलीय ती जपू, पण बघायचं ते बघून घ्या. आक्कानं मला फोन लावला. "धाकले, मला मदलीचं त्वांड बघायचंय. आंधार झाल्यावर आली तर निस्त्या शिव्याच ऐकू यायच्या. त्या तर मी लोकांकडनं आत्ताबी ऐकते."

मी मधलीला फोन लावला. ती म्हणाली, "येते की. पर आधी तिची बाई आन माझा म्हातारा शेजारीशेजारी तराजूत घाल. मंग बघू."

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. गोड बोलायचेच दिवस.

जुन्नर

माझ्या सोबत माझ्या दिराचा मुलगा, विलास. बँकेतून मोकळा झाला आणि नाण्यांच्या नादी लागला. लोक या वयात तीर्थाला जातात, हा नाण्यांच्या प्रदर्शनाला जातो. त्याची एक पेटी आहे. तिच्यात भिंग, चिमटा, पांढरे सुती हातमोजे आणि एक तळहाताएवढा इलेक्ट्रिक काटा. तांदूळ मोजला तर दाणादाणा दाखवतो, असं तो म्हणतो. तिघींची नाणी एकत्र बघायला मिळणार म्हणून गाडी त्याची, पेट्रोल त्याचं. डोळा आमच्या सोन्यावर होता हे मला ठाऊक होतं. पण फुकट गाडी कोण सोडतो?

वाटेत उसाच्या कडेला 'बिबट्यापासून सावध' अशी पाटी लागली. तिच्याखालीच दोघं निवांत बसून भेळ खात होते. आमच्याकडे पाटी ही टेकायला असते.

विलास स्टिअरिंग धरून शिकवत होता. "काकू, ही साधी नाणी नाहीत. दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्स, बेल्जियम, इटली आणि स्वित्झर्लंड यांनी बसून करार केला. मागून ग्रीसही आला. त्याला लॅटिन नाणेसंघ म्हणतात. वीस फ्रँकचं सोन्याचं नाणं सगळ्यांनी एकाच वजनाचं आणि एकाच कसाचं पाडायचं. चित्र ज्याचं त्यानं ठरवावं. म्हणजे इटलीचं नाणं पॅरिसात चालणार, पॅरिसचं बेल्जियमात."

"आणि कुणी लबाडी केली तर?"

"केली ना. एकानं चांदीच्या नाण्यात चांदी कमी घातली. बाकीच्यांनी त्याचा पैसा घेणंच बंद केलं."

"म्हणजे वाळीत टाकला."

"हो, तसंच."

"मग आमच्यासारखेच की रे ते!"

तो म्हणाला, तुमचा कोंबडा फ्रान्सचा, दाढीवाला बहुतेक बेल्जियमचा राजा, आणि वेणीवाली पोर स्वित्झर्लंडची. तिकडं तिला लाडानं व्रेनेली म्हणतात. तिन्हींचं वजन सारखंच असणार. मी म्हटलं, तुझ्या करारावर मधली अंगठा देणार नाही. तिला डोळ्यांनी दाखवावं लागेल. तो म्हणाला, त्यासाठीच तर काटा घेतलाय.

शिनोली

घोडेगाव मागे टाकून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की हवा बदलते. आमच्याकडचे द्राक्षांचे मांडव आणि टोमॅटोच्या काठ्या संपतात, भाताची कापून मोकळी झालेली खाचरं सुरू होतात, आणि डोंगर एकदम अंगावर येतात. आक्का ओट्यावर बसली होती. मान जरा वाकडी करून, डोळ्याच्या कडेनं बघत. आता समोरचं तिला असंच दिसतं.

"कोण? धाकली? आन ह्यो कोण, डाक्तर?" विलासनं गाडीतून उतरतानाच हातमोजे चढवले होते.

जेवायला नाचणीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी आणि वर हातसडीचा भात. आमच्या जुन्नरात 'वाढू का, वाढू का' असा घोष चालतो आणि पाहुणा 'नको नको' म्हणत वाडगं पुढं करतो. शिनोलीत विचारायची पद्धत नाही. ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात. विलासचा हातमोजा शेंगोळीत गेला, तेव्हा कुठं त्यानं तो काढला.

जेवण झाल्यावर त्यानं नाणं बघायला मागितलं. आक्का त्याला देवघरापाशी घेऊन गेली. देव्हाऱ्यात देवांच्या रांगेत, झेंडूच्या फुलाला टेकून ती बसली होती, हळदीकुंकवानं नखशिखांत माखलेली स्वित्झर्लंडची पोर.

"ही आमची कळमजाई, डोंगरातली देवी," आक्का म्हणाली. "मागं डोंगूर, केसात फुलं. दुसरी कोण आसंल?"

विलासचा चेहरा असा झाला, की जणू कुणी त्याच्या पासबुकावर वरण सांडलं. "अहो मावशी, हिला कडी डागलीय! कुंकू चोळलंय! दर सणाला काय, चिंचेनं घासता?"

"मग काय पारोशी ठिऊ?"

"नाण्याची किंमत जाते हो!"

"कुणापाशी जाती? मी कुठं इकाय काढलीय?"

तो उठला आणि ओट्यावर जाऊन बसला. मला आक्काची समजूत घालायची होती. मी म्हटलं, मधली यायला तयार आहे, पण ही एक दिवस अवसरीला न्यावी लागेल.

आक्कानं देवीमागचं झेंडूचं फूल चाचपून सरळ केलं. मग म्हणाली, "कळमजाई उंबऱ्याभाईर जात न्हाई. गेली तर दुसऱ्या दिशी घरी हवी." आणि कुंकवाचं बोट पदराला पुसत, "पर मदलीकडं जाणं म्हंजी भनीच्याच घरी जाणं. ने. माझ्याकडनं कायबी बोलू नगंस. निस्तं वजन कर."

"आणि हलकी भरली तर?"

"भरू दे. मला मदली पायजे, सोनं न्हाई." मग कडेच्या नजरेनं माझ्याकडं बघून, "पर भरणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीची पाठवणी. वाटीत तांदूळ, तांदळावर विड्याचं पान, पानावर कळमजाई, वर हिरवा खण. नियम असे: वाटी खाली टेकायची नाही, उष्ट्या हातानं धरायची नाही, आणि देवी मागच्या सीटवर बसत नाही. म्हणून मी पुढे, वाटी दोन्ही हातांत, आणि विलासनं मला आणि देवीला मिळून एकच पट्टा बांधला, वाटीपायी ढिलाच.

घोडेगाव

चहाची तल्लफ मला नसती आली तर पुढचं झालंच नसतं. टपरीपाशी थांबलो. हातात वाटी, कप धरू कशानं? विलासनं बशीत ओतून माझ्या तोंडाला लावला. भर रस्त्यात एका पिकल्या केसांच्या बाईला पांढरे हातमोजे घातलेला माणूस बशीनं चहा पाजतोय म्हटल्यावर लोक बघणारच.

टपरीवाल्यानं विचारलं, "पावणं, आजींच्या हाताला काय झालंय?"

"हातात देवी हाय बाबा," मी म्हटलं. आता खरं तेच सांगितलं.

"कंची?"

मी तोंड उघडायच्या आत विलास म्हणाला, "स्वित्झर्लंडची."

टपरीवाल्यानं क्षणभर विचार केला. "लई लांबनं आली," म्हणाला, आणि टोपी काढून हात जोडले.

तिथंच बाजाराला आलेल्या दोघी बायका उभ्या होत्या. एकीनं पिशवीतून पुडी काढून हळदकुंकू वाहिलं. दुसरीनं नुकत्याच घेतलेल्या बोरांतली मूठभर खणावर ठेवली आणि विचारलं, "नवसाला पावती का?" मी म्हटलं, "आज कळंल." विलास खाली मान घालून बशी विसळत होता. त्याच्या सगळ्या प्रदर्शनांत मिळून कुठल्या नाण्याला बोरं मिळाली नसतील.

मंचर

मंचरला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग. त्यातला एक काही न सांगता आडवा वळला. आमच्याकडे इंडिकेटर हा ट्रॅक्टरचा दागिना असतो, तो सणासुदीला लावतात. विलासनं ब्रेक मारला. वाटी सोडून हात टेकला असता तर वाचले असते, पण देवी खाली टेकायची नाही ना. कपाळ समोर आदळलं आणि भुवईवर लिंबाएवढं टेंगूळ आलं. वाटीतला एक दाणा सांडला नाही.

"काकू, लागलं का?"

"मला विचारतोस की नाण्याला?"

तो जरा थांबला आणि म्हणाला, "दोघींना." तेवढ्यापुरता मला आवडला.

अवसरी बुद्रुक

मधलीचं घर गावाच्या कडेला, विहिरीपाशी. दारात उभी होती, कमरेवर हात. भांडायचा पवित्रा तयार, शब्दही तयार असावेत. तेवढ्यात तिला माझं कपाळ दिसलं.

"आगं, काय झालं गं धाकले? कुनी मारलं?" आणि विलासकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागं सरला. मग हळद उगाळून माझ्या भुवईवर लावून झाली, आणि मग तिला आठवलं की आपण रागात आहोत. "हां. आणली का तिची बाई?"

आधी जेवण. मासवडी आणि झणझणीत रस्सा. माझी बहीण रागावली की मासवडी जास्त चांगली करते, हे तिच्या नवऱ्यानं हयात होता तोवर कधी बोलून दाखवलं नाही, पण फायदा घेतला. विलासच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो आणखी मागत होता. कळमजाईला नैवेद्य दाखवला, वाटी माझ्या मांडीवर, मी एका हातानं जेवले.

मग मधलीनं तिचा म्हातारा आणला. तोही देव्हाऱ्यातून. म्हातारा कसला, शेंदराचा गोळा. तेल आणि शेंदूर, थरावर थर. नाकाचा शेंडा आणि दाढीचा उंचवटा तेवढा वर.

"हे काय?" विलासचा आवाज पार खोल गेला.

"ह्ये आमच्या सासऱ्यांचं आजं," मधलीची सून म्हणाली. "घराण्याचं मूळ पुरुस. आमुशाला शेंदूर लावतो."

मला हे ठाऊकच नव्हतं. मधलीचं नाणं आमच्या वडिलांनी घेतलेलं, तिचे आजेसासरे त्यावर कधी जाऊन बसले? मी मधलीकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "सासूनं ठरीवलं. मी नवी नवरी. तिनं गळ्यातलं बघितलं, दाढी दिसली, म्हनली, ह्ये तर आमचं थोरलं. हात जोडलं आन काढून देवात ठिवलं. मी काय बोलनार?"

सासूनं ठरवलं म्हणजे बेल्जियमच्या राजालाही ऐकावं लागतं.

विलासला राहवेना. "अहो मावशी, हा राजा आहे, बेल्जियमचा. आणि चांगला माणूस नव्हता बरं. परक्या मुलखात लोकांचे फार हाल केले यानं."

"मंग आमच्याच घराण्यातला दिसतोय," मधली म्हणाली. सुनेनं पदर तोंडात धरला.

आता वजन. विलासनं मोठ्या थाटात इलेक्ट्रिक काटा काढला, मध्ये ठेवला, बटन दाबलं. काटा एकदा मिणमिणला आणि विझला. त्याला लागणारा तो टिकलीसारखा सेल गावातल्या दुकानात नव्हता. दाणा मोजणारा काटा टिकलीवाचून बसला. कांदा तोलायचा मोठा वजनकाटा शेजारी होता, पण त्यावर नाणी ठेवायची म्हणजे हत्तीच्या पाठीवर मुंगी.

"उठ गं," मधली सुनेला म्हणाली, "करवंट्या आण."

दोन सारख्या करवंट्या, शेवग्याची सरळ काडी, तीन-तीन दोरे. काडीच्या मधोमध गाठ. गाठ सरकवून सरकवून मोकळी काडी आधी बरोबर आडवी तोलली. बाजारात व्यापाऱ्याच्या मापाला तोंड देऊन देऊन ही विद्या आमच्या बायकांच्या अंगात असते. विलास म्हणाला, "हे काही शास्त्रीय नाही." त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

एका करवंटीत कळमजाई. दुसरीत म्हातारा. काडी हलली, थरथरली, आणि एका अंगाला गेली. आम्ही सगळे वाकलो.

म्हाताऱ्याची करवंटी खाली होती.

"बाजू बदल," मधली म्हणाली. बदलली. म्हातारा पुन्हा खाली.

इतकी वर्षं जो हलका म्हणून अबोला धरला, तोच जड निघाला. माणसानं भांडण जिंकायची तयारी केलेली असते, हरायचीही करता येते, पण आपणच वरचढ निघालो तर काय करायचं, याची तयारी कुणाच्याच घरी नसते. ती पुटपुटली, "म्हंजी तिनं मला जड दिलं? आन मी..."

सून हळूच म्हणाली, "आत्याबाई, शेंदूर हाय की वर."

कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. एवढ्या अमावास्यांचा शेंदूर! मधली उठली, चिंच भिजवली, म्हाताऱ्याला ताटलीत घेतलं. विलास मध्ये पडला. "मावशी, घासू नका! जुन्या नाण्याला हात लावत नाहीत!"

"तुमच्यात बारशालाबी पोरगं धूत न्हाईत का?" म्हणत तिनं अंगठा लावला. विलासनं तोंड फिरवलं. शेंदूर खपल्याखपल्यांनी निघाला, ताटलीत लाल पाणी झालं, आणि त्यातून आधी नाक, मग दाढी, मग कपाळ वर आलं. चिंचेनं पिवळंजर्द.

मधली एकदम थांबली. "ह्याच्या डोक्याला पागुटंच न्हाई!"

सून वाकली. खरंच. शेंदराखाली इतकी वर्षं सगळ्यांनी पागोटं धरून चाललेलं. ज्या घरात आजेसासऱ्यांचं पागोटं अजून खुंटीवर आहे, तिथं मूळ पुरुष बोडका कसा असेल? सून म्हणाली, "आत्याबाई, ह्ये आपलं न्हाईत."

"न्हाईतच," मधली म्हणाली. तिनं नाणं पदरानं पुसलं आणि मुठीत धरलं. "ह्यो माझा हाय. माझ्या बापानं मला घेतल्याला. पुरता एक दीसबी माझ्या गळ्यात ऱ्हायला न्हाई. आल्या आल्या सासूनं घेतला, आन मला बोलता आलं न्हाई. सासूवर रागावनार कशी? मंग आक्कावर रागावले. ती लांब व्हती, सोपं पडलं."

विलासनं भिंग पेटीत ठेवलं आणि पेटी मिटली.

मग पुन्हा काडी धरली. एका करवंटीत डोंगरापुढची पोर, दुसरीत धुतलेला राजा. काडी हलली, थरथरली, आणि आडवी स्थिरावली. बाजू बदलली. आडवीच. मी गळ्यातला कोंबडा काढून राजाच्या जागी ठेवला. तरी आडवी. परमुलखातले राजे, एकमेकांच्या उरावर बसणारे, ते वजनाला सारखे राहिले. आणि आम्ही तिघी एका आईच्या, आम्हाला शिनोली ते अवसरी एवढंही जमलं नव्हतं.

"झालं का समाधान?" मी म्हटलं. "येतेस ना आता आक्काकडं?"

मधलीनं मान ताठ केली. "मी कशाला जाऊ? इतक्या सालांनी? लोक काय म्हनतील, वजन झालं म्हनून आली?" मग वाटीकडे बघितलं. "पर देवी घरी आलीय. देवीला यकटं पाठवायची आमच्यात रीत न्हाई. वटी भरून, घरातली बाई बोळवायला जाती. तेवढ्यापुरती येते. आक्कासाठी न्हाई, देवीसाठी."

"बरं बाई," मी म्हटलं. "देवीसाठी."

सुनेनं काळा दोरा आणला. मधलीनं राजाची कडी त्यात ओवली आणि आरशात न बघता गळ्यात बांधली. मागची गाठ मी मारली. बेल्जियमचा राजा शेंदरातून सुटला आणि माझ्या बहिणीच्या गळ्यात आला. करारात हे कलम नसावं.

फिरून शिनोली

दिवस मावळायच्या आत पोचलो. आक्का ओट्यावरच होती. माझा अंदाज, ती सकाळपासून उठलीच नव्हती. मधली गाडीतून उतरली, देवीची वाटी दोन्ही हातांत, आणि पायरीशीच घुटमळली.

आक्कानं मान वाकडी केली. डोळ्याच्या कडेनं बघितलं. "कोण?"

"देवी सोडाय आलेय," मधली म्हणाली.

"मंग देव्हाऱ्यात ठिव की. हितं काय उभी ऱ्हायलीस?"

मधली आत गेली, देवी जागेवर बसवली, बाहेर आली. आता देवी पोचली होती आणि थांबायला निमित्त उरलं नव्हतं. तरी थांबली. आक्कानं हात पुढे केला, मधलीचं तोंड धरलं, आणि स्वतःच्या डोळ्यांजवळ ओढलं. इतकं जवळ की कपाळाला कपाळ लागेल. या अंगानं बघितलं, त्या अंगानं बघितलं.

"म्हातारी झालीस," आक्का म्हणाली.

"तू काय नवरी हायेस?"

"दात कुठं गेलं?"

"तुझ्यावर खाऊन खाऊन गेलं."

मग दोघी हसल्या, आणि रडल्याही, पण रडणं सांगण्यासारखं नव्हतं. नाकं पुसायला पदर कमी पडले एवढंच सांगते.

आक्कानं मला कळमजाई आणायला लावली. मग मधलीचा राजा आणि माझा कोंबडा मागून घेतला. डोळे मिटून तळहातावर तिन्ही एकेक करून झेलली, वडील झेलायचे तशी. अंगठा फिरवत म्हणाली, "ही माझी येणी. ही मदलीची दाढी. ह्यो धाकलीचा कोंबडा. कळतंय. आंधार झाला तरी कळंल." आणि जरा थांबून, "वजन यकच लागतंय गं."

"तेच तर तोलून आलो," मी म्हटलं.

"तोलायला कशाला गेला व्हता? मला इचारायचं."

विलास पायरीवर बसला होता. म्हणाला, "तिन्ही एकत्र असती, कडीशिवाय, न घासता, तर संग्राहकांनी काय किंमत देऊन मागितली असती..."

आक्का म्हणाली, "भाऊ, आता कोन मागनार न्हाई ना?"

"नाही."

"ब्येस. चांगलं घासलंस गं मदले."

तर हा माझा युरोप. मधली देवीपुरती गेली होती, ती अजून शिनोलीतच आहे. सुनेला फोनवर सांगते, देवी सोडत न्हाई. दोघी रोज भांडतात, आता समोरासमोर. आक्कानं मला बजावलंय की माहेरची, सासरची, ओळखीची, सगळी तोंडं घेऊन ये. ती एकेकाला जवळ ओढून बघते आणि कुणाचंही कौतुक करत नाही.

म्हणून सांगते, पुढच्या सुट्टीत ते विमान जरा राहू द्या. शिनोलीला या. लवकर या. अजून डोळ्याच्या कडेनं तिला दिसतंय. उशीर केलात तर तुमचं तोंड ती हातानंच चाचपून बघेल, आणि तिचे हात लई खरखरीत आहेत.